भूक किती शे

पंचेचाळीसचीच जोडी हवी, निमेश सुराणा म्हणाला.
गोणपाटात गुंडाळून आणली होती त्यानं, पुण्याच्या भंगारातून,
दोन आडवे कार्बोरेटर, चार घसे,
प्रत्येकातून लिंबू सहज घरंगळेल.
गाडी पद्मिनी. इंजिन एक हजार एकोणनव्वद सीसी,
म्हणजे एकेका सिलिंडरचा घास
पाव लिटरहून थोडाच मोठा.

हिलाल मिस्तरींनी गोणपाट परत बांधलं.
“तिले भूक किती शे, ते तिलेच इचार.
तुना खिसाले नको इचारू.
घागर तोंडले लावशी तं ठसकाच लागी.”

निमेशला पटलं नाही.
मोठा घसा, जास्त हवा, जास्त जोर,
हिशेब सरळ होता त्याचा,
आणि मीही मनातून त्याच्याच बाजूची.
मग मिस्तरींनी गाड्या धुवायची नळी माझ्या हातात दिली.
नुसती धर. पाणी पायाशी पडलं.
तोंडावर अंगठा दाब. पाणी भिंतीपल्याड,
थेट पंक्चरवाल्या सलीमच्या पाठीवर.
तो ओरडला. आम्ही शिकलो.
हवा अरुंद जागेतून धावते
तेव्हाच जेटमधून पेट्रोल ओढते,
ऐसपैस मिळालं की लोळते.

माळ्यावरून चाळीसची जोडी निघाली, आत अठ्ठावीसच्या व्हेंच्युरी.
जेट बडीशेपेच्या डबीत,
आकडे इतके बारीक की मिस्तरी ते नखानं वाचायचे.
मेन एकशे पंधरा, त्यांनी ठरवलं. बघू.

मे महिना. धुळ्यात दहालाच बोनेटचा तवा,
पेट्रोल फ्लोटच्या वाटीतच उकळायचं,
म्हणून पहाटे साडेचार,
पांझरेकडून जरा वारा येतो तेवढ्यात.
लळिंगच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून,
मग क्लच, चावी बंद, घरंगळत कडेला.
प्लग काढायचा, फडक्यात धरून.
पहिला निघाला भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखा काळा.
हवा तापून विरळ झालेली, पेट्रोल मात्र तेवढंच.
एकशे दहा.
पुन्हा चढ. पुन्हा फडकं. बोटं भाजली.
आता कळण्याच्या भाकरीच्या पोटाचा रंग.
मिस्तरींनी प्लग नाकाशी धरला, उगाच,
आणि विडी पेटवायला गेले
गाडीपासून मोजून वीस पावलं.

राहिला सूर.
रबरी नळीचं एक टोक घशाशी, एक कानात,
चारही घशांत तीच फुसफुस पाहिजे.
मिस्तरी पहिल्यापाशी थांबले, तिसऱ्यापाशी,
परत पहिल्यापाशी.
मग नळी माझ्यापुढे धरली.
“मना उजवा कान गया, माय. डावा बी खोटं बोलस.
आते तू आयक.”

पुढच्या दोघांत बशीतला चहा फुंकावा तशी फुंकर,
मागचे दोघे झोपेतच.
जोडदांडीचा स्क्रू. थोडा, मी म्हणाले.
पाव फेरा. अजून. नको, मागे.
ते माझ्या तोंडाकडे बघत पाना फिरवत होते.
कधीतरी चारही फुंकरी एक झाल्या,
मला सांगावं लागलं नाही.

निमेश पैसे देऊन गेला. गोणपाट विसरला, की ठेवून गेला.

डिसेंबरात गाडी परत आली, शिंकत,
कार्बोरेटरच्या तोंडातून फट् फट्.
थंड हवा, दाट हवा, भूक वाढलेली.
मिस्तरी बाकड्यावर आडवे, डावा कान उशीत रुतलेला,
म्हणजे त्यांच्यापुरता आग्रा रोड बंद.
मी डबी उघडली,
नखानं एकेक आकडा वाचत गेले.
एकशे पंधराचे तीन लगेच मिळाले,
चौथा तळाशी, खऱ्याखुऱ्या बडीशेपेखाली.
बसवले. शटर ओढून घ्यायचं सुचलं नाही.
गाडी रेस केली.